चार ओळींचा अभिप्राय आणि त्याची जबाबदारी

नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होतो, त्यापाठोपाठ मुंबईत आणि पुण्यात आंतरराष्ट्रीय महोत्सवांची रांग लागते, आणि दरवर्षी त्याच सुमारास मराठी चित्रपटरसिकांत एक जुना वाद पुन्हा पेटतो. महोत्सवाला गेलेले समीक्षक दिवसाला चार-पाच चित्रपट पाहतात आणि रात्री प्रत्येकाबद्दल तीन-चार ओळींचा अभिप्राय लिहून मोकळे होतात. एक पक्ष म्हणतो की ही समीक्षाच नव्हे; दिग्दर्शकाने चार-पाच वर्षे झिजून केलेल्या कामाची चार ओळींत वासलात लावणे हा उद्दामपणा आहे. दुसरा पक्ष उत्तर देतो की वाचकाला आता वेळ नाही, दोन हजार शब्दांचा लेख कोणी वाचत नाही, तेव्हा काळाबरोबर चालावे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात: समीक्षेचे मोल तिच्या लांबीवर ठरते. एकाला लांबी हवी आहे, दुसऱ्याला ती परवडत नाही, एवढाच काय तो फरक.

माझे म्हणणे वेगळे आहे. चार ओळींचा अभिप्राय ही समीक्षेची स्वतंत्र आणि अतिशय अवघड जात आहे, आणि परदेशातल्या स्वतंत्र चित्रपटांच्या बाबतीत तर आज तिची जितकी गरज आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही लेखनाची नाही. तिच्यावर आक्षेप जरूर घ्यावेत. पण ते घ्यायचे तर समीक्षक आपला निकष लपवतो यावर घ्यावेत, आकड्यालाच मत समजले जाते यावर घ्यावेत, कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येईल अशा विशेषणांवर घ्यावेत. शब्दसंख्येवर घेतलेला आक्षेप या खऱ्या दोषांना मोकळे सोडतो, म्हणून तो मला घातक वाटतो.

आधी या चित्रपटांची स्थिती पाहू. मोठ्या स्टुडिओचा चित्रपट समीक्षकाच्या मतावाचून अडत नाही. त्याची जाहिरात दोन महिने आधीपासून रस्त्यावर, बसवर आणि मोबाइलवर असते. जॉर्जियातल्या किंवा चिलीतल्या एखाद्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट मात्र आपल्याकडे बहुधा एकदा, फार तर दोनदा दाखवला जातो. त्यात ओळखीचा नट नसतो, दिग्दर्शकाचे नाव उच्चारताना अडखळायला होते, आणि त्याच वेळी शेजारच्या चार पडद्यांवर दुसरे चार चित्रपट सुरू होणार असतात. प्रेक्षकाच्या हातात वेळापत्रक असते आणि माहितीपुस्तिकेतला परिच्छेद असतो. तो परिच्छेद निर्मात्याच्याच कार्यालयातून आलेला असतो, आणि त्यात प्रत्येक चित्रपट सारखाच महत्त्वाचा असतो. या क्षणी ज्याने तो चित्रपट आधी पाहिला आहे आणि ज्याला त्याचा काही फायदा नाही, अशा माणसाच्या चार ओळी मिळणे न मिळणे यावर तो चित्रपट पाहिला जाणार की नाही हे ठरते. दोन महिन्यांनी नियतकालिकात येणारा दीर्घ लेख कितीही मोलाचा असला तरी तो तोपर्यंत निघून गेलेल्या चित्रपटाबद्दल असतो. महोत्सवाला जाऊ न शकणाऱ्या नांदेडच्या किंवा सांगलीच्या वाचकाला तर वर्षभर मुबीसारख्या चित्रपट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर काय शोधायचे हे कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

आता विरोधकांचे मुद्दे. ते किरकोळ नाहीत.

पहिला आणि सर्वांत बळकट मुद्दा संदर्भाचा आहे. परक्या देशातला चित्रपट परक्या चालीरीतींतून, परक्या राजकारणातून आणि परक्या चित्रपटपरंपरेतून उगवतो. इराणमधला दिग्दर्शक एखादी गोष्ट दाखवत नाही ती कलात्मक निवड म्हणून, की तिथल्या नियमांमुळे, हे चार ओळींत कसे सांगणार? आणि ते न सांगता दिलेला निर्णय अडाणी ठरणार नाही का? हा मुद्दा मी मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे लांब लिहिले की संदर्भ आपोआप येतो, हा मात्र इतिहासाला धरून नाही. 1958 साली ‘पथेर पांचाली’ न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्रौदर यांनी त्यावर रीतसर, पूर्ण लांबीचे परीक्षण लिहिले. त्यात त्यांनी चित्रपटातल्या करुणेचे कौतुक केले, पण इतकी सैल रचना आणि इतकी मंद गती असलेला चित्रपट हॉलिवूडच्या संकलकांकडे कच्ची जुळणी म्हणूनही जेमतेम खपला असता, असेही म्हटले. जागा भरपूर होती, अनुभव दांडगा होता, हेतूही वाईट नव्हता. तरीही बंगालातल्या खेड्याच्या गतीला हॉलिवूडच्या संकलनाचे माप लावले गेले. हजार शब्दांनी ते माप सुधारले नाही. उलट, लांब लेखाला एक भारदस्तपणा येतो आणि त्या भारदस्तपणाखाली चुकीचे माप सहज खपून जाते.

याहून बोलके उदाहरण इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’चे आहे. 1997 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात या चित्रपटाला पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ते शोहेइ इमामुरा यांच्या ‘द ईल’बरोबर विभागून होते. पुढच्या वर्षी तो शिकागोत पोचला. तिथल्या दोन मातब्बर समीक्षकांनी तो पाहिला. रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारांपैकी एक तारा दिला आणि तो असह्य कंटाळवाणा आहे असे सरळ लिहिले. ‘शिकागो रीडर’चे जोनाथन रोझनबॉम यांना तो श्रेष्ठ वाटला, त्यांनी त्याच्यावर विस्ताराने लिहिले आणि पुढे 2003 मध्ये मेहरनाझ सईद-वफा यांच्यासह किआरोस्तामींवर पुस्तकही काढले. एकच शहर, एकच चित्रपट, दोघेही आयुष्यभर चित्रपट पाहिलेले, दोघांनाही पुरेशी जागा. मग मते इतकी टोकाची का?

ईबर्ट यांचे परीक्षण आज पुन्हा वाचले तर त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते. तेहरानच्या परिसरातल्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर एक माणूस गाडी फिरवतो आहे. त्याला आत्महत्या करायची आहे आणि नंतर आपल्यावर माती टाकणारे कोणीतरी हवे आहे. तो वेगवेगळ्या माणसांना गाडीत घेतो, दीर्घ संवाद होतात, मधे लांबच लांब शांतता असते. शेवटी चित्रीकरण करणारा चमूच पडद्यावर दिसतो. ईबर्ट हे सगळे सांगतात आणि मग म्हणतात की या चित्रपटाची बाजू मांडता येईल, पण त्यासाठी तो पाहण्याचा प्रत्यक्ष अनुभव बाजूला ठेवून त्याचे एका बोधकथेत रूपांतर करावे लागेल. म्हणजे त्यांनी आपला निकष उघड केला: माझ्या लेखी चित्रपट म्हणजे बसून घेतलेला अनुभव, आणि तो इथे मला मिळाला नाही. या नकारात्मक परीक्षणातले वर्णन वाचूनच एखाद्या वाचकाला वाटू शकते की हाच चित्रपट मला पाहायचा आहे. त्या परीक्षणाची ताकद इथे आहे, आणि ती ताकद चार ओळींतही मावते. काय दिसते, ते कसे दाखवले आहे, मला काय खटकले आणि कोणत्या अपेक्षेमुळे खटकले, एवढे चार घटक पुरतात. ती मावत नाही फक्त एका ताऱ्यात. त्या परीक्षणातले बहुतेक सगळे लोक विसरले आणि एक तारा तेवढा लक्षात राहिला, ही दुर्दैवाची गोष्ट आहे, पण तिचा दोष संक्षेपाला देता येत नाही. एक तारा म्हणजे संक्षेप केलेले मत नाही. ते मत काढून घेतल्यावर उरलेले चिन्ह आहे.

तारे आणि टक्के यांच्याकडे म्हणूनच स्वतंत्रपणे पाहायला हवे, कारण लांबीच्या वादात ते नेहमी निसटतात. 1998 मध्ये सुरू झालेल्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची पद्धत सर्वांना ठाऊक आहे: प्रत्येक परीक्षण अनुकूल किंवा प्रतिकूल यांपैकी एका खान्यात टाकायचे आणि अनुकूल परीक्षणांचा टक्का काढायचा, साठ किंवा त्याहून अधिक टक्के मिळाले की चित्रपट ‘ताजा’. या हिशेबात काय होते ते पाहा. दहा समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाबद्दल ‘ठीक आहे, पाहायला हरकत नाही’ असे म्हटले तर त्याला शंभर टक्के मिळतात. दुसऱ्या चित्रपटाने पाच जण हादरून गेले, त्यांनी तो वर्षातला सर्वोत्तम ठरवला, आणि उरलेल्या पाच जणांना तो मुळीच सोसला नाही, तर त्याला पन्नास. ज्या चित्रपटात कोणालाच खटकण्यासारखे काही नाही तो वर जातो. ज्याने काही नवे करून पाहिले तो खाली जातो. स्वतंत्र चित्रपटाचा सगळा जीव नवे करून पाहण्यात असतो. म्हणजे ही पद्धत त्याच्या विरोधात जाते, आणि तेही कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे, तिच्या गणितामुळेच. याचा निषेध करायचा सोडून आपण चार ओळी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या समीक्षकाला झोडपत बसलो आहोत.

कान महोत्सवात ‘स्क्रीन इंटरनॅशनल’ हे चित्रपटव्यवसायाचे नियतकालिक दररोज एक तक्ता छापते. त्यात निरनिराळ्या देशांचे समीक्षक स्पर्धेतल्या प्रत्येक चित्रपटाला शून्य ते चार गुण देतात. 2016 मध्ये मारेन आडे यांच्या ‘टोनी एर्डमान’ला तिथे 3.7 सरासरी मिळाली, तो तोवरचा उच्चांक होता. 2018 मध्ये ली चांग-डोंग यांच्या ‘बर्निंग’ने 3.8 मिळवून तो मोडला. दोन्ही चित्रपटांना समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे फिप्रेस्कीचा पुरस्कार मिळाला, पण मुख्य ज्युरीने दोघांनाही रिकाम्या हाती परत पाठवले. ज्युरीचे चुकले की समीक्षकांचे, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला त्या आकड्याबद्दलच विचारायचे आहे: 3.7 वरून ‘टोनी एर्डमान’विषयी काय कळते? बुखारेस्टमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या यशस्वी मुलीच्या आयुष्यात एक म्हातारा बाप विग आणि खोटे दात लावून घुसतो, तिला चारचौघांत अडचणीत आणतो, आणि पावणेतीन तासांच्या या लाजिरवाण्या खेळातून दोघांचेही एकटेपण उघडे पडते, एवढे एक वाक्य सांगितले तर वाचक निदान स्वतःचा कौल लावू शकतो. आकडा त्याला फक्त मान डोलवायला सांगतो.

दुसरा मुद्दा घाईचा. महोत्सवात दिवसाचा चौथा चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या, अर्धवट जेवलेल्या माणसाने त्याच रात्री दिलेला निकाल कितपत भरवशाचा? याचे उदाहरण म्हणून ‘लाव्हेन्तुरा’चा दाखला हटकून दिला जातो, आणि तो खरा आहे. 1960 मध्ये कानला इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अन्तोनिओनी यांच्या या चित्रपटाच्या खेळात प्रेक्षकांनी हुर्यो केली. एका बेटावर एक तरुणी नाहीशी होते, आणि थोड्या वेळाने चित्रपट तिचा शोध घेणेच सोडून देतो, हे त्यांना पचले नाही. दोनच वर्षांनी, 1962 च्या ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या मतचाचणीत तोच चित्रपट जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांत दुसरा आला. घाईच्या निकालाचा याहून मोठा पराभव दाखवता येणार नाही.

पण ही कथा इथे संपवणे अर्धवट आहे. त्या हुर्योनंतर लगेच रोबेर्तो रोस्सेलिनींसह अनेक दिग्दर्शकांनी आणि समीक्षकांनी एक निवेदन सह्या करून प्रसृत केले. त्या निवेदनात काय होते? चित्रपटाचे विश्लेषण नव्हते, आधुनिक कथनाचा सिद्धान्त नव्हता. या चित्रपटाचे असाधारण महत्त्व आम्ही जाणतो, त्याला झालेल्या विरोधाने आम्ही अस्वस्थ आहोत आणि दिग्दर्शकाबद्दलचा आमचा आदर जाहीर करतो, एवढाच त्याचा आशय होता. म्हणजे घाईच्या निकालाला उत्तर मिळाले तेही घाईच्या आणि थोडक्यातल्या निकालानेच. महोत्सव संपायच्या आत ‘लाव्हेन्तुरा’ला ज्युरीचे पारितोषिक मिळाले. दीर्घ लेख नंतर आले, येतच राहिले आणि ते आवश्यकही होते. पण त्या आठवड्यात चित्रपटामागे उभे राहण्याचे काम काही ओळींनी केले. घाई हा महोत्सवाचा स्वभाव आहे. त्या घाईत जाणकारांनी गप्प बसायचे ठरवले तर बोलायला फक्त हुर्यो करणारे उरतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. मोठा चित्रपट वाईट परीक्षण पचवतो, लहान चित्रपट त्याने मरतो. ज्याचा एकच खेळ आहे त्याच्याबद्दल सकाळी दोन कडवट ओळी छापून आल्या तर संध्याकाळी सभागृह रिकामे असू शकते, आणि दिग्दर्शक बिचारा तिथे प्रश्नोत्तरांसाठी उभा असतो. ही ताकद कोणाच्याही हातात असावी का? मी म्हणेन, ही ताकद आहे हे ओळखूनच लिहावे. पण लहान चित्रपट मारणारी सर्वांत मोठी गोष्ट कडवट अभिप्राय नाही. ती आहे उल्लेखच न होणे. चार्ल्स बर्नेट यांनी विद्यार्थी असताना, लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, दहा हजार डॉलरपेक्षाही कमी खर्चात ‘किलर ऑफ शीप’ केला. कत्तलखान्यात काम करणाऱ्या एका माणसाच्या थकव्याचा हा चित्रपट 1977-78 मध्ये तयार होता; पण त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेण्यासाठी पैसे नसल्याने तो 2007 पर्यंत व्यावसायिकरीत्या प्रदर्शितच होऊ शकला नाही. जवळजवळ तीस वर्षे तो कसा टिकला? तुरळक खेळांतून, ज्यांनी तो पाहिला होता त्यांच्या याद्यांतून, इतर लेखांत ओझरत्या आलेल्या दोन-तीन ओळींतून. 1990 मध्ये तो अमेरिकेच्या जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला, तेव्हाही तो तिकीट काढून पाहण्याची सोय बहुतेकांना नव्हती. ज्या चित्रपटाला चित्रपटगृह नाही त्याला या ओळींचाच काय तो आसरा असतो.

आपल्या परंपरेला संक्षेपाचे वावडे कधीच नव्हते, हेही या वादात कोणी आठवत नाही. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’ ही आर्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आली आहे. ती काय करते ते नीट पाहावे. ती चार कवींना गुण देत नाही, त्यांचा क्रम लावत नाही, कोणाला वर-खाली बसवत नाही. प्रत्येकाचा हात कोणत्या रचनेवर बसला होता ते ती अचूक सांगते आणि वाचकाला तिकडे पाठवते. संस्कृतात ‘उपमा कालिदासस्य’ म्हणणाऱ्यानेही हेच केले. उलट दुसरे टोकही आपल्याच घरात आहे. आपल्या नियतकालिकांतले ‘साभार पोच’ हे सदर आठवावे: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, संपले. पुस्तक मिळाले याची ती पावती असते, ते कोणी वाचले याची नसते. महोत्सवी अभिप्रायांतले पुष्कळसे अभिप्राय आज पोचपावतीच्या पातळीवर आले आहेत, आणि माझी खरी तक्रार इथे सुरू होते.

ती तक्रार विशेषणांची आहे. ‘तरल’, ‘आशयघन’, ‘अंगावर येणारा’, ‘अंतर्मुख करणारा’, ‘संथ पण परिणामकारक’, ‘चुकवू नये असा’: या अर्ध्या डझन शब्दांत आपला अख्खा महोत्सव उरकला जातो. केली रायकार्ट या अमेरिकी दिग्दर्शिकेचा 2008 चा ‘वेंडी अँड लूसी’ घ्या. त्याच्याबद्दल ‘संथ पण अंतर्मुख करणारा तरल अनुभव’ असे लिहिता येते, आणि ते खोटेही नाही. पण ते ‘टेस्ट ऑफ चेरी’बद्दलही लिहिता येते आणि आणखी शंभर चित्रपटांबद्दलही. आता हा दुसरा मजकूर पाहावा: अलास्कात काम मिळेल या आशेने निघालेली वेंडी ओरेगनमधल्या एका गावात गाडी बंद पडल्यामुळे अडकते, आपल्या कुत्रीसाठी दुकानातून खाणे उचलताना पकडली जाते, आणि ती पोलीस चौकीत असताना कुत्री हरवते. गाडीची दुरुस्ती, दंड, बसचे भाडे असा पैशापैशाचा हिशेब दिग्दर्शिका समोर ठेवत जाते, पार्श्वसंगीत फारसे वापरत नाही आणि कोणालाही खलनायक करत नाही. एक म्हातारा पहारेकरी वेंडीच्या हातात घडी केलेल्या काही नोटा कोंबतो, आणि त्या किती थोड्या आहेत हे आपल्याला दिसते. ज्यांना कथेत कलाटणी हवी त्यांना हे ऐंशी मिनिटेही लांब वाटतील. वेंडीचा शेवटचा निर्णय मला त्या हिशेबातूनच आलेला आणि म्हणून पटणारा वाटला.

हा मजकूर शंभर शब्दांच्या आसपासच आहे. त्यात निर्णय आहे, पण तो शेवटी आणि कारणांसह आला आहे. कोणाला चित्रपट आवडणार नाही तेही त्यात सांगितले आहे. मुख्य म्हणजे, तो उचलून दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाखाली छापता येणार नाही. माझ्या मते थोडक्यातल्या अभिप्रायाची हीच कसोटी असावी. ती लावली तर आज छापून येणारे बहुतेक चार ओळींचे अभिप्राय नापास होतील, आणि बहुतेक दोन हजार शब्दांचे लेखही.

असे लिहायला वेळ लागतो, हे दुसऱ्या पक्षाने, म्हणजे ‘लोकांना वेळ नाही, म्हणून लहान लिहा’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. लहान लेखन वाचकाचा वेळ वाचवते, लेखकाचा नाही. अमेरिकी समीक्षक पॉलीन केल यांच्या ‘न्यूयॉर्कर’मधल्या प्रदीर्घ परीक्षणांची ख्याती मोठी, पण त्याच साप्ताहिकासाठी त्यांनी लिहिलेल्या परिच्छेदभर टिपणांचे जाडजूड संकलन 1982 मध्ये निघाले आणि ते आजही वाचले जाते. रोझनबॉम आठवड्याचे मोठे परीक्षण लिहीत आणि त्याच अंकासाठी छोटी टिपणेही लिहीत. ‘काइये द्यु सिनेमा’ या फ्रेंच चित्रपटमासिकाने 1950 च्या दशकात दहा जणांच्या ताऱ्यांचा तक्ता छापायला सुरुवात केली तेव्हा त्याच अंकांत आंद्रे बाझँ यांचे दीर्घ निबंध येत होते. तेव्हा लहान लेखनाने मोठ्या लेखनाचा बळी घेतला हे म्हणणे टिकत नाही. मोठ्या लेखनाची जागा वृत्तपत्रांच्या अर्थकारणाने आणि आटलेल्या पुरवण्यांनी हिरावून घेतली. ती परत मागायची तर संपादकांकडे आणि मालकांकडे मागावी. शिवाय दोन्ही प्रकार एकमेकांवर जगतात. ज्याने दीर्घ विचार केलेला नाही त्याची चार ओळींची समज उथळच निघणार; आणि ज्याला आपले मत चार ओळींत सांगता येत नाही त्याच्या दीर्घ लेखात मत आहे की नाही याचीच शंका घ्यावी लागते.

निकष लपवणे हा दोष किती गंभीर आहे, हे आपल्याला अगदी अलीकडे जवळून दिसले. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला 2024 च्या मे महिन्यात कानचे ग्राँ प्री, म्हणजे पाम दोरखालोखालचे पारितोषिक, मिळाले. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारी माणसे त्यात आहेत; छाया कदम यांनी साकारलेली पार्वती मुंबईतल्या इस्पितळात स्वयंपाक करते, हक्काची कागदपत्रे नसल्याने घर गमावते आणि रत्नागिरीकडे परतते. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका निवडताना फिल्म फेडरेशनने हा चित्रपट घेतला नाही. निवड समितीला भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतो आहोत असे वाटले, अशा अर्थाचे स्पष्टीकरण फेडरेशनच्या अध्यक्षांनी दिल्याचे प्रसिद्ध झाले. हाही एका ओळीचा अभिप्रायच आहे. दुसरा चित्रपट निवडणे हा समितीचा अधिकार होता, त्याबद्दल माझे भांडण नाही. पण युरोपीय म्हणजे काय? संथ गती? निर्मितीतला फ्रेंच पैसा? रात्रीच्या मुंबईचा निळसर प्रकाश? की बायकांनी आपल्या इच्छांबद्दल शांतपणे बोलणे? चित्रपटातल्या कोणत्या गोष्टीमुळे असे वाटले ते सांगितले असते तर त्यावर वाद घालता आला असता. वाद घालण्याजोगा निर्णय देणे हे समीक्षकाचे काम आहे. जो निर्णय आपली कारणे सांगत नाही त्याच्यापुढे प्रेक्षकाला फक्त मान्य करणे किंवा चिडणे एवढेच उरते.

भूमिका उलटी करून पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. 2025 च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला तरुण, नातेवाइकांनी त्याच्यावर घातलेले विधींचे निर्बंध, लग्न कधी करणार ही विचारणा, आणि बालपणीच्या मित्राशी त्याची पुन्हा जुळत गेलेली जवळीक, असा तो चित्रपट आहे. तिथल्या समीक्षकांनी त्याच्यावर लिहिले. आपण त्या परक्या समीक्षकाकडून काय अपेक्षा करतो? सुतकाचे सगळे शास्त्र त्याला ठाऊक असावे, अशी नाही. त्याने त्या दहा दिवसांत जे पाहिले ते नीट पाहिले असावे; अनवाणी चालणे, ठरावीक रंगाचे कपडे टाळणे या गोष्टींकडे विचित्र चालीरीती म्हणून बोट न दाखवता त्या तरुणावर त्यांचे काय ओझे पडते ते ओळखले असावे; आणि जे कळले नाही तिथे कळल्याचा आव आणला नसावा. एवढी अपेक्षा आपण त्याच्याकडून करत असू, तर जॉर्जियाच्या किंवा चिलीच्या चित्रपटाबद्दल लिहिणाऱ्या आपल्या समीक्षकांकडूनही तेवढीच करावी. यातली कोणतीही अपेक्षा पूर्ण करायला पानेच्या पाने लागत नाहीत.

राहता राहिला कठोर अभिप्रायाचा प्रश्न. परदेशातून आलेल्या नवख्या दिग्दर्शकाबद्दल वाईट लिहूच नये, आवडले नाही तर गप्प बसावे, असा एक सौजन्याचा सल्ला दिला जातो. मला तो मान्य नाही. ज्या समीक्षकाला सगळेच आवडते त्याच्या कौतुकाला किंमत राहत नाही, आणि मग ज्या चित्रपटाला त्या कौतुकाची खरोखर गरज आहे त्यालाच ते उपयोगी पडत नाही. कठोर लिहावे, पण मत बदलले तर तेही तितक्याच उघडपणे लिहावे. 2003 मध्ये व्हिन्सेंट गॅलो यांचा ‘द ब्राउन बनी’ कानला दाखवला गेला तेव्हा महोत्सवाच्या इतिहासातला तो सर्वांत वाईट चित्रपट असल्याचे ईबर्ट यांनी जाहीर केले. दोघांत कडवट वादावादी झाली. पुढे गॅलो यांनी सुमारे पंचवीस मिनिटे कापून नवी प्रत तयार केली. ईबर्ट यांनी ती पाहिली, तीन तारे दिले, आणि काय वगळल्यामुळे चित्रपट सुधारला ते कारणांसह लिहिले. आपल्याकडे महोत्सवाच्या रात्री लिहिलेला अभिप्राय तसाच राहतो. वर्षाने तो चित्रपट घरी शांतपणे पुन्हा पाहिल्यावर बदललेले मत समीक्षक मित्रांना सांगतो, छापत नाही. मराठी नियतकालिकांनी आणि पुरवण्यांनी वर्षातून एकदा तरी आपल्या समीक्षकांना ही जागा द्यावी: गेल्या मोसमात लिहिलेले चार ओळींचे अभिप्राय, त्यांच्या तारखांसह, आणि शेजारी, पुन्हा पाहिल्यावर जिथे मत बदलले तिथे त्याच समीक्षकाच्या सहीचे नवे चार ओळींचे मत.